बोहनीचे मोजे

म्हातारीनं अन् मी मिळून शेवटचं काम केलं ते वांगी निवडायचं. ओसरीत पोतं अंथरलं होतं. चांगली टोपल्यात, किडकी बाजूला. मधी पाण्याच्या गडव्याला मोबाइल टेकवून ठेवला होता, कारण नात आम्हाला जर्मनी दाखवणार होती. ती तिकडे शिकते. त्या दिवशी तिला सुट्टी होती. आमची दुपार, तिची सकाळ.

आधी तिनं चर्च दाखवलं. त्याचं टोक काही मोबाइलात मावेना.

"एवढं उंच," म्हातारी म्हणे, "वरचे जाळे कोन काढत असीन?"

मंग नदी दाखवली. बदकं माणसांच्या पायापाशी फिरत होती.

"कोनी पकडत नाही काय?" मी विचारलं.

"आबा, फोन बंद करीन हं," नात म्हणाली.

ती बाजारात शिरली तशी म्हातारीनं हातातलं वांगं खाली ठेवलं. तीस वर्षं अमडापूरच्या बाजारात भाजी विकलेली बाई ती. लावायचं, तोडायचं माझं, विकायचं तिचं. मी एकदाच बसलो होतो तिच्या जागी. एका बाईला म्हटलं, घ्यायचं तर घ्या, नाही तर चालत्या व्हा. त्या दिवसापासून मला टोपले उचलण्यापुरतंच ठेवलं.

तिकडे एक बाई कोबीच्या बाजूला लोकरीचे मोजे मांडून बसली होती. नातीनं लाल मोजे उचलले, पाहिले, ठेवून दिले अन् निघाली.

"थांब माय!" म्हातारी ओरडली. "तिची बोहनी झाली काय, इचार."

"आजी, इकडे बोहनी नसते."

"विकते ना थे? मंग असते. पहिल्या गिऱ्हाइकानं माल हातात घेऊन ठेवला तं दिवसभर कोनी फिरकत नाही. इचार."

नातीनं विचारलं. बाईनं दुकान आत्ताच मांडलं होतं. नातच पहिली.

"झालं! घे आता. आबाले होतीन. टाचा पाह्य त्याईच्या, कशा फुटल्या."

"मी मोजे घालून वांग्यात जाऊ काय?" मी म्हटलं.

"तुमी चूप बसा. गिऱ्हाईक तुमी नाही."

नातीनं मोबाइलनंच पैसे दिले, म्हणून आम्हाला मिनिटभर तिचा अंगठा तेवढा दिसला.

"बाईनं पैसे कपाळाले लावले काय?"

"आजी, आता मशीन कपाळाले लावीन काय थे?"

म्हातारी डोळ्यात पाणी येईस्तोवर हसली.

दोन दिवसांनी सकाळी चहा ठेवता ठेवता ती गॅसपाशी पडली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

तेरवी झाली. वांगी झाडावर पिवळी पडू लागली. मुलगा चिखलीला राहतो. तो म्हणाला, "बाबा, झाडं उपटून टाका अन् चला आमच्याकडं. बाजारात बसनं तुमच्याच्यानं होनार नाही." खोटं बोलत नव्हता. सांगतो, म्हटलं. मग रोज सकाळी कुदळ घेऊन वांग्यात जायचो अन् तसाच वापस यायचो.

अशात पार्सल आलं. नातीनं ते आजी होती तेव्हाच टपालात टाकलं होतं. आत लाल मोजे, अन् एक चिठ्ठी: 'आजीनं करवलेली बोहनी.' घालून पाहिले. टाचेला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी बाजार होता.

सकाळी उठून कवळी कवळी वांगी तोडली. मोजे घातले. वरून चपला चढेनात, दाबून चढवल्या. अन् तिच्या जागी पोतं टाकून बसलो. शेजारची मिरचीवाली पायाकडं पाहून म्हणाली, "काय हो बाबा, मेंदी काढली काय?"

मी तराजू पुढं ओढला.

पहिली बाई आली. एक वांगं उचललं, दाबलं, ठेवलं अन् चालू लागली. तोंडाशी जुनंच आलं होतं. गिळलं.

"बाई," मी हाक मारली, "बोहनी हाये."

ती थांबली, वळून आली. अर्धा किलो घेतली. मी तोलून दिली अन् वरून एक वांगं टाकलं, म्हातारी टाकायची तसं. नोट कपाळाला लावली.

मग मुलाला फोन लावला अन् सांगितलं, झाडं उपटत नाही.