फार्महाऊसवरचं मनोगत

समस्त तालुक्यास अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, कर्जतजवळच्या एका फार्महाऊसवर आमच्या वाडीतल्या मुलींचं सक्षमीकरण यथासांग पार पडलं. मागच्या दाराने. हातात भाकऱ्यांची टोपली देऊन.

मी ठाकरवाडीतलीच. लहानपणी आईबरोबर भिसेगावात भांडी घासायला जायचे. मागची दारं मला नवी नाहीत.

आता वाडीत मुलींचा गट चालवते. शनिवारी मुली, रविवारी मुलगे. मुलग्यांचा पहिला धडा तांदळाच्या भाकरीचा. ज्याची भाकरी फुगत नाही त्याने समानतेवर तोंड उघडायचं नाही, असा आमच्या विद्यापीठाचा कडक नियम. बोटं भाजली की आईबद्दलचा आदर आपोआप वाढतो.

गटात कमळी आहे. नववीत शिकते. बापाने तिच्यासाठी खालापूरकडचं स्थळ पाहिलेलं. मी त्याला कायदा सांगितला, त्याने मला चहा पाजला. असं बरेचदा झालं. शेवटी म्हणाला, पोरगी चार लोकांत उभी राहून बोलली तर स्थळाला नाही म्हणतो.

तेवढ्यात फार्महाऊसवरच्या या सक्षमीकरण मेळाव्याचं बोलावणं आलं. कार्यक्रमात 'किशोरींचे मनोगत' होतं. कमळीने भाषण बसवलं. शेळ्यांपुढे म्हणून दाखवलं. शेळ्यांनी एकमताने पसंती दिली. बाप ठेवणीतला शर्ट घालून ऐकायला आला.

गेटवरच वाटणी झाली. आमच्या मुलग्यांना पुढच्या खुर्च्या. समानता शिकलेले मुलगे म्हणून त्यांचे फोटो काढायचे होते. मुलींना मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात नेलं. मी भाषणाचं विचारलं. आयोजक मॅडम गोड हसल्या.

"ताई, आधी जेवणं होऊ द्या. पाहुण्यांना तुमच्या मुलींच्या हातचं गावरान जेवायचंय."

पाहुणे जेवले. मुंबईच्या एका बाईंनी कमळीची ओढणी सोडून कमरेला बांधली. फोटोत खरी आदिवासी दिसायला हवी होती. कमळी मान खाली घालून उभी. मग आभार सुरू झाले. फार्महाऊसवाल्यांचे, मंडपवाल्यांचे, फुलवाल्यांचे. मनोगत राहिलं ते राहिलंच.

बाप भिंतीला टेकून सगळं बघत होता. त्याला कुणी खुर्ची दिली नव्हती. माझ्याजवळ येऊन हळू म्हणाला, "ताय, या शिकल्याल्या मानसांनी बी तिला वाढायलाच उभी केली. मंग सासरी वाढंल. त्यात वायट काय?"

मी अख्ख्या वाडीला हसवणारी बाई. हे हसण्यावारी नेणार नव्हते.

मी कमळीच्या हातातली टोपली घेतली आणि हारतुऱ्यांच्या टेबलावर आदळली. मुलींना म्हटलं, चला पुढे. मॅडम आडव्या आल्या. कुणीतरी माइक बंद केला. पुढच्या खुर्च्यांवरचे आमचे मुलगे उठले, तसा कॅमेरेवाला त्यांना बसा बसा म्हणू लागला. एकही बसला नाही.

मी म्हटलं, "आमच्या मुली बोलायला आल्यात. वाढायला नाही."

त्या दारात मुलींना पुन्हा नेणार नाही. मागच्या नाही, पुढच्याही नाही. ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी डोंगर चढून वाडीत यावं आणि खाली बसावं.

बापाने अजून हो-नाही सांगितलेलं नाही. होळीनंतर स्थळवाले येणार आहेत. त्या दिवशी कमळीच्या अंगणात मी बसलेली असेन, गटातल्या मुली असतील, मुलगे असतील. चहाने काम भागणार नाही. पोलीस आणावे लागले तर आणीन. वाडी वाळीत टाकणार असेल तर टाको.

मेळाव्यात पुढे येऊन उभी राहिली तेव्हा कमळी पाठ केलेलं सगळं विसरली होती. शंभर डोकी समोर, तिने बघितलं फक्त बापाकडे. आणि माइक नसताना, शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल असं ओरडली:

"बा, मी वाढनार नाय. हितं नाय, तितं बी नाय. मला शिकायचं हाय."