उगंच केलेली चोच

चहा हातात आला की आण्णा तो लगेच प्यायचे नाहीत. कप फिरवून सगळीकडून बघायचे आणि म्हणायचे, "ह्याला तोंडवळा न्हाई." आमच्या साताऱ्याच्या ऑफिसातले कप त्यांनी असे एकजात नापास केले होते.

लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन त्यांनी मलकापुरात स्टीलच्या भांड्यांचा छोटा कारखाना काढला होता. "तिकडं सगळं एका साच्यातलं. डोळं कंटाळलं," म्हणायचे.

मी वकील. एकदा ते टॉवेलात गुंडाळलेली किटली घेऊन आले. पाणी प्यायला वाकलेल्या साळुंकीसारखी तिची चोच होती. तुम्हीही ती कुठल्यातरी दुकानात पाहिली असेल.

"बाजारात न्यायच्या आधी तुमास्नी दावली, ताई. हिची नक्कल व्हायला नगं."

आधी आले हे बरं झालं. विक्री सुरू झाल्यावर आकाराची नोंदणी मिळत नाही. मी अर्ज केला आणि नोंदणी झाली.

पुढे शिरवळच्या एका कारखान्याने हुबेहूब तशीच किटली बाजारात आणली. आण्णांनी ती माझ्या टेबलावर ठेवली, पण तिच्याकडे बघेनात. "आपलं पोरगं दुसऱ्याच्या दारात दिसावं, तसं वाटतंय," एवढंच म्हणाले.

दावा उभा राहिला. समोरच्या वकिलांचं म्हणणं होतं की हा आकार केवळ सोयीसाठी आहे, आणि तसल्या आकाराला कायदा संरक्षण देत नाही. मला धास्ती वाटली. कारण काकूंची, म्हणजे आण्णांच्या पत्नीची, बोटं संधिवातानं वळत नव्हती आणि किटलीची मूठ त्यांच्यासाठीच रुंद केलेली होती. शिवाय आण्णा खोटं बोलणाऱ्यातले नव्हते.

"हा आकार असाच का केला?" कोर्टात आण्णांच्या साक्षीच्या वेळी समोरच्या वकिलांनी विचारलं.

"मूठ मंडळींसाठी केली, साहेब. त्यांची बोटं वळत न्हाईत."

मी मान खाली घातली.

"आणि चोच? तीही सोयीसाठीच ना?"

"न्हाई. सरळ चोचीतनं बी चहा पडतोयच की. वाकडी करायला उलट लय कष्ट पडलं."

"मग केली कशाला?"

आण्णा चक्क लाजले. "उगंच. चांगली दिसती म्हणून."

न्यायाधीशांना हसू आवरेना. निकाल आमच्या बाजूनं लागला आणि नक्कल थांबली.

गेल्या थंडीत आण्णा गेले. नोंदणीची मुदतही आता संपली आहे. कायदा हा हक्क कायमचा देत नाही. ते सांगायला मी मलकापूरला गेले.

"काकू, आता ही किटली कुणीही करू शकेल. आपल्याला अडवता यायचं नाही."

त्यांनी त्याच किटलीतला चहा माझ्या कपात ओतला.

"करू द्या की, ताई. त्येंचं काम आजून चार घरांत दिसंल."