बैल जिंकला आणि गावाची शुगर वाढली

सकाळी नऊच्या आत आमच्या मशीनने अख्खं गाव डायबेटिक ठरवलं होतं.

शेवटचा धक्का दिला तो सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या एका काटकुळ्या पोराने. त्याचा आकडा असा होता, की त्या आकड्याला माणूस बहुतेक स्ट्रेचरवर असतो. हा मात्र टेबलावर रेलून आपलं रनिंग टायमिंग सांगत होता.

"रफिक, मशीन गेलं," मी म्हणाले.

"दुसरंही हेच दाखवतंय मॅडम. स्ट्रिपचा नवीन डबा फोडला, तरी तेच."

रफिक आमचा लॅब टेक्निशियन. मी सर्व्हेची डॉक्टर, राहणार सांगली. आमचं काम म्हणजे गावोगाव फिरून मधुमेह, लठ्ठपणा आणि हृदयविकार यांचे रिस्क फॅक्टर मोजणं. रिस्क फॅक्टर म्हणजे आजार नव्हे, आजाराची चाहूल. वजन, बीपी, शुगर, तंबाखू, कमरेचा घेर. यातला कमरेचा घेर सगळ्यात अवघड. टेप लावली की पुरुषमंडळी पोट आत ओढतात. "सोडा" म्हटलं की चेहरा लाल करून म्हणतात, "सोडलंय की!"

हे गाव इस्लामपूरच्या पलीकडे, उसाच्या पट्ट्यात. आदल्या संध्याकाळी घरोघर जाऊन आम्ही निरोप दिला होता: सकाळी काही न खाता-पिता समाजमंदिरात या. उपाशीपोटी शुगर शंभराच्या आत असावी लागते. आधी खाल्लं तर आकडा वाढतो आणि अर्थ लागत नाही.

त्या फेरीत शालनकाकूंनी मला चुलीपाशी बोलावून घेतलं होतं. त्यांचे यजमान तानाजीअण्णा कराडकडच्या बैलगाडी शर्यतीला गेले होते. काकू दाराकडे बघत हळूच म्हणाल्या, "आमच्या मालकांचं तेवढं बघा मॅडम. रातभर पाण्याला उठत्यात. पायाच्या अंगठ्याला खडा लागलाय, लय दिस झालं जखम भरंना. दवाखान्यात चला म्हटलं की म्हणत्यात, मग बैलाकडं कोण बघणार?"

जखम भरत नाही म्हटल्यावर मी वहीत अण्णांचं नाव सगळ्यात वर लिहिलं. माझ्या वडिलांचा पाय असाच एका फोडापासून गेला. "उद्या पहिला नंबर त्यांचाच लावते," असा शब्द मी काकूंना दिला.

पण सकाळी अण्णा आत यायलाच तयार नव्हते. त्यांचा बैल बादल फायनल जिंकून आला होता. गुलालाने लाल झालेले अण्णा बाहेर पायरीवर मानकऱ्यासारखे उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मिठी मारत होते. "सगळ्यांचं होऊ द्या, मग मी," असं त्यांनी कळवलं.

आणि इकडे एकेक गावकरी आत येऊन विक्रम करत होता.

"काही खाल्लंय का?" मी प्रत्येकाला विचारत होते.

"न्हाई न्हाई. तुमी सांगितलासा तसं, एकदम उपाशी."

मी पुण्याला सरांना फोन लावला. सर प्रोजेक्टचे प्रमुख. आकडे ऐकून त्यांचा आवाजच बदलला.

"अहो, हे क्लस्टर आहे!"

क्लस्टर म्हणजे एकाच ठिकाणी, अपेक्षा नसताना, एकाच आजाराचे पुष्कळ रुग्ण सापडणं. रुग्णांच्या दृष्टीने वाईट गोष्ट. संशोधकाच्या डोळ्यांपुढे मात्र लगेच पेपर येतो.

"पाण्याचे नमुने घ्या. मातीचे घ्या. खतं कुठली वापरतात ते विचारा. आणि हे बघा, आत्ताच बाहेर बोलू नका कुठे."

"सर, मला मशीनचाच संशय येतोय."

"मग स्वतःची तपासा की!"

रफिकने आधी स्वतःचं बोट टोचलं. नॉर्मल. मग माझं. मशीनने जरा विचार केला आणि माझा आकडा त्या भरतीच्या पोराच्याही वर गेला.

आईला शुगर, वडिलांना शुगर, म्हणजे ती कधीतरी येणार हे मला ठाऊक होतं. ती अशी इस्लामपूरच्या पलीकडे, रांगेसमोर गाठेल असं वाटलं नव्हतं. बातमी पायरीपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. "मॅडमला बी हाय!" एक आजी उठून माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. "भिऊ नगंस बाय. कारल्याचा रस पी. जांभळाच्या बियांची पूड हाय घरात, देतो बांधून." दुसऱ्या बाईने मेथ्या सुचवल्या. गावाला धीर द्यायला आलेली मी, गावाकडून धीर घेत बसले.

अण्णाही आत आले. त्यांना तर आनंदच झाला होता. "म्हंजी सगळ्यांनाच हाय? मग ती शुगर न्हवं मॅडम. हितली हवाच तशी हाय. हिला सांगा जरा, उगा घोर लावून घेतीया."

काकू मागे उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. ते बघून मला माझ्या शुगरचा विसर पडला.

तेवढ्यात रफिक म्हणाला, "मॅडम, हे बघा."

वापरलेला कापूस टाकायच्या डब्याला मुंग्या लागल्या होत्या. चांगली रांग लावून वर चढत होत्या.

"रक्ताला मुंग्या?" मी विचारलं.

"रक्ताला नाही. बोटांवरून जे पुसलं गेलंय त्याला." रफिकने माझा हात धरून वास घेतला. "मॅडम, तुम्ही पायरीवर पेढा खाल्लात ना?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात आठवलं. सामान उतरवताना मी फोनवर बोलत होते. अण्णांनी हातावर पेढा ठेवला, मी अर्धा मोडून तोंडात टाकला आणि उरलेला शेजारच्या आजींना दिला. रफिकची दाढ दुखत होती म्हणून त्याने घेतला नव्हता.

"अण्णा, तुम्ही सगळ्यांना पेढे दिलेत?"

"आवं, बैल फायनल मारून आला! पेढा न देता माणूस आत सोडू व्हय?"

"सगळ्यांना उपाशी यायला सांगितलं होतं!"

रांगेतून एकमुखी उत्तर आलं. "उपाशीच हाय की! पेढा काय खाणं हाय व्हय?"

मलाही ते खाणं वाटलं नव्हतं. आमच्याकडे आनंदाचा पेढा पोटात जातो, पण हिशेबात धरत नाहीत. आणि खरा घोटाळा तर बोटांवर होता. पेढा मोडून एकमेकांना भरवलेला, त्याचं गोड चिकट बोटावर राहिलेलं. स्पिरिटच्या बोळ्याने ते नीट जात नाही. टोचलं की रक्तात तेच मिसळतं, आणि मशीन बिचारं पेढ्याची शुगर सांगतं.

मग साबण मागवला. सगळं गाव हौदावर हात धुवायला लागलं. मी सगळ्यात आधी धुतले. आकडा खाली आला तशी मी पुढच्याला हाक मारली. भरतीचा पोरगाही माणसांत आला. एकेकाचा आकडा उतरत गेला.

अण्णांचा उतरला नाही.

"पेढं मीच वाटलं न्हवं का. माझ्या हाताला जास्त लागलंय," ते म्हणाले. पुन्हा धुतले. पुन्हा तेच. मग कोपरापर्यंत धुतले. हाताचा गुलालसुद्धा गेला, आकडा हलला नाही. "पोटात पेढा हाय त्याचं असंल." उद्या उपाशी या म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी खरंच उपाशी आले, काकूंच्या पहाऱ्यात. आकडा तसाच वर.

आता हवेचं कारण चालणार नव्हतं. अण्णा एकटे पडले होते. मी अंगठ्याच्या जखमेबद्दल बोलले, गोळ्यांबद्दल बोलले, वडिलांच्या पायाबद्दलही सांगितलं. ते खिडकीतून बाहेर बांधलेल्या बैलाकडे बघत राहिले. ऐकत होते की नाही, देव जाणे. मी वैतागले.

"एवढा जिंकला तुमचा बादल, त्याला तरी दिला का पेढा?"

अण्णा गरकन वळले. "त्याला? येडं का खुळं मॅडम! पळायचं जनावर हाय ते. वैरण मोजून, पेंड मोजून, रोज सकाळी फिरवून आणतो. खुराला जरा खरचटलं तरी त्याच येळंला डॉक्टर बोलावतो. त्याच्या तोंडाला पेढा..."

आणि ते थांबले.

काकूंनी पदराने नाक पुसलं आणि म्हणाल्या, "ऐकलासा न्हवं? आता तुमी सोताच बोललासा."

अण्णांनी त्याच दुपारी चप्पल घालून आरोग्य केंद्र गाठलं. मी जातीने बरोबर गेले, वाटेत बैलाचं काही निघू नये म्हणून.

वर्षाने फेरतपासणीला गेलो. अण्णांची जखम भरली होती. रोज सकाळी बादलबरोबर तेही मैलभर चालत होते, आणि काकू भाकरी मोजून वाढत होत्या. शुगर अगदी शहाण्यासारखी नव्हती, पण ऐकायला लागली होती. पायरीवर अण्णाच उभे होते, पेढ्याऐवजी साबणाची वडी घेऊन. "आधी हात धुवायचं, मग आत." बादलने त्या हंगामात एकही मैदान मारलं नव्हतं.

"यंदा बैल मागं पडला मॅडम," अण्णा म्हणाले. "पर आमी पळतोय."

सरांचा पेपर राहिला तो राहिलाच. आमच्या किटमध्ये मात्र आता साबण असतो, आणि "काही खाल्लंय का?" नंतर मी न चुकता विचारते, "आणि पेढा?" परवा कराडजवळ एकाने ठणकावून सांगितलं, "पेढा? अजिबात न्हाई!" मी खूश होऊन त्याचं बोट धरलं.

"बर्फी हुती," तो म्हणाला.