रंगाप्रमाणे लावलेल्या चिंध्या

बायको माहेरी गेली होती आणि आमच्या कंपनीचं शटडाऊन चालू होतं. दहा दिवस मला करायला काही नव्हतं. हे मी कारण म्हणून सांगत नाही. कारणं द्यायची मला सवय आहे, आणि या बाबतीत ती सोडायची असं मी ठरवलं आहे.

मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये काम करतो. नट, बोल्ट, गॅस्केट, रबरी हातमोजे. प्रत्येक वस्तूला खण आणि प्रत्येक खणाला चिठ्ठी. मागितलेली वस्तू मी दोन मिनिटांत काढून देतो, याचा मला अभिमान होता. घरी मात्र माळ्यावर बायकोच्या चिंध्यांची गाठोडी पडलेली असायची. पूर येऊन गेल्यापासून आमच्या गल्लीत जे जपायचं ते वर ठेवतात. कुणाच्या घरी कागदपत्रं, कुणाच्या घरी तांदूळ. आमच्या घरी चिंध्या आणि लोकरीची एक गोणी.

बायको गोधड्या शिवते. बाळंतिणींसाठी दुपटी, कुंच्या, आणि हात रिकामा असला की क्रोशाचे रुमाल. दुपारी जेवणं आटोपली की ती गॅलरीत बसते आणि तासभर तिला हाक मारली तरी ऐकू येत नाही. इतक्या वर्षांत त्या गाठोड्यांमध्ये काय आहे हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. वर चढताना पायात येतात एवढंच बोललो असेन.

ती आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पोलादपूरच्या पुढे, कशेडीच्या पायथ्याच्या गावी गेली. तिला सुखद धक्का द्यावा असं माझ्या मनात आलं. मी बाजारातून झाकणाचे नऊ डबे आणले आणि अठराच्या अठरा गाठोडी खाली काढून सोडली. प्रत्येक गाठोडं कापडाच्या वेगळ्या पट्टीने बांधलेलं होतं. एखादी लाल, एखादी फुलाफुलांची. मला तो गबाळेपणा वाटला. दोरी मिळाली नसेल म्हणून हाताला येईल ते बांधलं असेल.

पुढचे चार दिवस माझे फार सुखाचे गेले, हेही मला कबूल करायला हवं. लाल म्हणजे एक रंग नसतो हे मला तेव्हा कळलं. विटकरी, डाळिंबी, कुंकवाचा. निळ्याचे तर मला दोन डबे करावे लागले. मी एकेका तुकड्यावर पाणी शिंपडून इस्त्री फिरवायचो, हाताने सारखा करायचो आणि रंगाच्या उतरत्या क्रमाने लावायचो. सुती कापड गरम झालं की त्याला एक वास येतो, भाताच्या पेजेसारखा. तो घेत बसावंसं वाटायचं. लोकरीचे सैल गुंडे उलगडून मी सगळे सारख्या मापाचे, घट्ट, क्रिकेटच्या चेंडूसारखे गुंडाळले. शेवटी डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. एवढं समाधान मला स्टोअरमध्येही कधी मिळालं नव्हतं.

बायको दुपारच्या एसटीने आली. हातपाय धुऊन आली, डबे पाहिले, एक झाकण उघडलं आणि परत लावलं.

"गाठोडी कुठं आहेत?"

"सोडली. आता हे डबे."

"सगळी सोडलीत?"

"अगं, बघ तरी. हिरवं मागितलंस तर हिरवं मिळेल."

तिने लोकरीचा एक गुंडा उचलून बोटांनी दाबला. "एवढं आवळून ठेवलंत. लोकरीचा जीव गेला यातला." मग तो खाली ठेवून म्हणाली, "चाचींचं गाठोडं कुठल्या डब्यात आहे?"

मला प्रश्नच कळला नाही.

चाची समोरच्या घरात राहतात. चाचा वीर स्टेशनवर रिक्षा चालवायचे. पावसाळ्यात ते गेले. त्यांचा मुलगा कुवेतला आहे, त्याला रजा मिळाली नाही, बापाचं तोंड बघायला मिळालं नाही. घरातले फोटो पुरात गेले होते. चाचींनी चाचांचे बरेचसे कपडे गरिबांना देऊन टाकले आणि पाच शर्ट आणि एक लुंगी ठेवली. मुलाला त्या कपड्यांची गोधडी शिवून पाठवायची होती. तिकडे बाहेर आग आणि खोलीत एसीची थंडी, असं तो सांगायचा. बायकोने माहेरी जाण्याआधी ते कपडे उसवून, तळहाताएवढे तुकडे कापून बांधून ठेवले होते. दासगावचा एक जण पुढच्या गुरुवारी कुवेतला निघणार होता, त्याच्या सामानातून गोधडी जायची होती.

आणि गाठोड्यांच्या पट्ट्या? प्रत्येक पट्टी त्याच घरच्या कापडाची होती. कुणाचे कपडे कुणाच्या गाठोड्यात, हे पट्टीवरून कळायचं. म्हणजे चिठ्ठ्या होत्याच. मला त्या वाचता आल्या नाहीत, आणि पट्ट्याही मी रंगाप्रमाणे डब्यांत टाकल्या होत्या.

आणखी एक गोष्ट सांगतो. चाचांच्या मयताला मी गेलो नव्हतो. माझी दुसरी पाळी होती, पण पाळी बदलून घेता आली असती. पन्नास पावलांवरचं घर. मागाहून जाऊन बसलो, पण मागाहून जाणं वेगळं.

आम्ही नऊही डबे जमिनीवर रिकामे केले. बायकोने आधी टेलरकडून आलेले कोरे तुकडे बाजूला काढले. कोऱ्या कापडाला खळ असते, ती अंगठ्याला कळते. मग साड्यांचे आणि परकरांचे काढले. माझे कंपनीचे राखाडी काढले. खाकी तुकडे चाचांचे, यात शंका नव्हती. लुंगीही सापडली. राहिले सत्तर-ऐंशी तुकडे, निळे, पांढरे, चौकटींचे, पुरुषांच्या जुन्या शर्टांचे. त्यात चाचांचे होते, माझे होते, तिच्या भावाचे होते आणि गल्लीतल्या आणखी दोन-तीन घरांतले होते. ती एकेक तुकडा उजेडाकडे धरायची, "हा त्यांचा," म्हणायची, आणि थोड्या वेळाने तोच परत ढिगात टाकायची.

"तुलाही ओळखता येत नाहीत?" मी विचारलं.

"गाठोडं बांधलेलं असताना ओळखायची गरजच नव्हती."

"मग अंदाजे घेऊन टाकू. त्यांना काय कळणार आहे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या स्टोअरात अंदाजे देता?"

तेव्हा मीच समोर गेलो. चाची दारात वाल सोलत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्या रागावतील, निदान रडतील अशी माझी तयारी होती.

"तुला कुनी सांगितला होता रे?" त्या म्हणाल्या. "बायको घरात नाय तर गप झोपून ऱ्हायचा. बाप्ये झोपतात."

"चुकलं माझं, चाची."

"चुकला ता दिसतोच हाय. चल, बघू काय करून ठेवलास."

त्या चष्मा घेऊन आल्या आणि ढिगाशी मांडी घालून बसल्या. भराभर निवडू लागल्या. हा जुम्म्याचा. हा रिक्षा धुताना घालायचे त्यातला. हा नाय, ह्याचा बटन बग, त्यांच्या शर्टाला असा बटन कवाच नव्हता. त्यांचा हात इतका सरळ चालत होता की मला हायसं वाटलं.

मग त्यांनी एक तुकडा उचलला. फिकट निळा, बारीक चौकटींचा, खिशासकट. बायको कधी कधी खिसा न उसवता तसाच ठेवते. खिशाच्या कडेला काळ्या शाईचा ठिपका होता. तो ठिपका मी ओळखत होतो. स्टोअरमध्ये खोक्यांवर लिहायचं मार्कर मी खिशात ठेवायचो आणि एकदा त्याचं टोपण सुटलं होतं. तो माझा शर्ट होता.

"हा ईदचा," चाची म्हणाल्या. त्यांनी तो मांडीवर पसरला आणि त्यावरून हात फिरवला. "हा मधी लाव गो. बरोबर मधी."

मी बायकोकडे पाहिलं. ती सुईत दोरा ओवत होती. मी बोलायला हवं होतं. चाची तुकड्यावरून हात फिरवत होत्या आणि मी त्या हाताकडे बघत राहिलो.

त्या गेल्यावर मी म्हणालो, "तो माझा शर्ट होता ना?"

"कशावरून?"

"खिशावरच्या शाईवरून."

"चाचाही खिशाला पेन लावायचे."

"लावायचे?"

"नाही का? तुम्ही बघितलं नाहीत कधी?"

मी आठवायचा प्रयत्न केला. चाचांचं हसणं आठवलं, रिक्षा मागे घेताना मान वळवायची त्यांची पद्धत आठवली. वीस वर्षं समोर राहणाऱ्या माणसाच्या खिशाला पेन होतं की नव्हतं, हे मला सांगता येईना.

"तुला वाटतं तो त्यांचा आहे?"

"मला माहीत नाही."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

मी कपाट उपसलं. फिकट निळा चौकटींचा शर्ट कपाटात नव्हता. तो मी चिंध्यांत दिला, की ऑफिसातल्या कुणाला दिला, की पुरातच गेला? मोबाइलमध्ये एका लग्नातला फोटो मिळाला. त्यात मी तसाच शर्ट घालून जेवायला बसलो आहे, पण खिशासमोर बुंदी वाढणाऱ्याचा हात आला आहे. आणि त्या चौकटी मला जरा मोठ्या वाटल्या.

गुरुवारपर्यंत वेळ थोडा होता, म्हणून चाचीही रोज दुपारी आमच्याकडे शिवायला येऊ लागल्या. एका बाजूने त्या, एका बाजूने बायको, आणि कडेच्या सरळ ओळी मला दिल्या. धावदोरा मला बायकोने शिकवला. सुई खाली, सुई वर, चार टाके एकदम घ्यायचे आणि ओढायचे.

"टाका तांदळाएवढा हवा रे," चाची म्हणायच्या. "तू भेंड्या पेरतोस."

"पहिलीच वेळ आहे त्यांची," बायको म्हणायची.

"ह्याची पयली वेळ, आन माझ्या पोराच्या पायाचा आंगठा आडकनार त्यात."

आम्ही हसायचो. मला शिवण आवडायला लागली होती. शुक्रवारी सुट्टी संपल्यावर मी पहिली पाळी मागून घेतली, दुपारी लवकर येता यावं म्हणून. चाचांसाठी जी पाळी मी बदलली नव्हती ती त्यांच्या गोधडीसाठी बदलली, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी रस्त्यातच थांबलो. शिवताना मला सुख होत होतं आणि ज्यामुळे होत होतं ते माझ्याच चुकीतून आलं होतं. हे सुख घ्यावं की घेऊ नये, मला कळत नव्हतं. मधल्या तुकड्याकडे मी बघायचं टाळायचो आणि रोज ठरवायचो, आज सांगायचं.

बुधवारी गोधडी पूर्ण झाली. चाची घडी घालायला वाकल्या, तेव्हा मी म्हणालो, "चाची, तो मधला तुकडा."

"काय झाला त्याला?"

बायकोचे हात थांबले. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. पण ते बोललो असतो तर काय झालं असतं? तो माझा असेल तर मुलाच्या अंगावर बापाचा म्हणून माझा शर्ट जाणार. तो चाचांचा असेल, आणि मी माझा म्हटला, तर मी त्यांच्या ईदचा शर्ट त्यांच्या हातातून काढून घेणार. कुठलं पाप मोठं, हे मला त्या क्षणी ठरवता आलं नाही. आजही येत नाही.

"एका बाजूची शिवण सुटल्यासारखी वाटते," मी म्हणालो. "परत घालतो."

शिवण सुटली नव्हती. मी खिशाच्या चारी बाजूंनी दुसऱ्यांदा धावदोरा घातला. तांदळाएवढे टाके घातले.

गोधडी गेली. पंधरा दिवसांनी मुलाचा फोन आला. चाचींनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. "बोलला, अम्मी, बाकी सगला वळखला. मधला शर्ट वळखत नाय."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"बोलली, तू गेल्यावर घेतलेला. तुला कसा ठावक आसनार."

हे खरं असू शकतं. मुलगा सहा वर्षांपूर्वी कुवेतला गेला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पण त्या खाली बघून वाल सोलत होत्या.

निघताना त्यांनी मला थांबवलं. आत जाऊन एक खाकी तुकडा घेऊन आल्या, काजं असलेली शर्टाची पुढची पट्टी होती. "ह्यो उरला होता माज्याकडं. तुमच्यात ऱ्हावदे."

"बायकोला देऊ?"

"तिला नको. तुला देते."

का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं बहुतेक. घरी आलो तेव्हा बायको गाठोडी पुन्हा बांधत होती. ज्यांची घरं समजली त्यांना त्यांच्या पट्ट्या, आणि ज्यांची समजली नाहीत त्यांचं एक मोठं गाठोडं, त्याला साधी सुतळी. मी खाकी तुकडा तिच्यापुढे धरला.

"हा कशात टाकू?"

"कुणी दिला?"

"चाचींनी. मला."

तिने काजांवरून बोट फिरवलं. "मग तुम्हीच ठरवा," ती म्हणाली आणि सुतळीची गाठ मारली.

तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्याचं मी वेगळं गाठोडं बांधणार आहे, एकाच तुकड्याचं. त्याला कुठल्या घरची पट्टी बांधायची, ते मला अजून कळलेलं नाही.