लुदिवीनची कोरी मॅच

दर शनिवारी संध्याकाळी, वृद्धाश्रमातलं सूप पिऊन झालं की आशिल देल्बार आपल्या मुलीला फोन करायचा आणि एकच प्रश्न विचारायचा.

"किती गेले?"

कशी आहेस नाही, जिंकलात का नाही, गुडघा काय म्हणतोय तेही नाही. आशिल जन्मभर गवंडीकाम करत आला होता आणि विटांशी जेवढं बोलावं लागतं तेवढंच तो माणसांशीही बोलायचा. तरुणपणी वीटभट्टीच्या संघात तो गोलकीपर होता. गोलकीपरला विचारण्यासारखा जगात एकच प्रश्न आहे अशी त्याची पक्की समजूत होती, आणि लुदिवीनलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. ती आकडा सांगायची. तो "हं" म्हणायचा. मग दोघं थोडा वेळ फोन कानाला लावून गप्प बसायचे. हेच त्यांचं बोलणं.

लुदिवीन लांब्रकूरच्या महिला संघाची गोलकीपर आणि कॅप्टन. लांब्रकूर म्हणजे उत्तरेकडचं, लाल विटांच्या घरांचं, एका चौकात सुरू होऊन दुसऱ्या चौकात संपणारं गाव. अशा गावाचा संघ देशाच्या पहिल्या श्रेणीत कसा पोचला हे त्या संघालाही नीट सांगता आलं नसतं. एका वर्षी सगळं जुळून आलं, पोरी पळत सुटल्या, चेंडू खांबाला लागून आत जात राहिले आणि मे महिन्यात गाव चौकात नाचलं. नाचून झाल्यावर लक्षात आलं की आता तिथं खेळावं लागणार. समोर ज्या येणार त्या दिवसभर फुटबॉलच खेळणाऱ्या, आणि आपल्याकडची बचावपटू टपाल वाटून येते, मधल्या फळीतल्या दोघींची परीक्षा चालू आहे, आणि गोलकीपर सकाळी सातपासून शाळेच्या स्वयंपाकघरात लीकच्या, म्हणजे जाड कांदापातीच्या, पेंढ्या चिरत उभी असते.

त्या स्वयंपाकघराची मुख्य जोझियान. बाई आडवीतिडवी, तोंडानं फटकळ.

"सोमवारी तुझ्याकडे बघवत नाही," ती म्हणायची. "किसायच्या मशीनमधून काढलेल्या गाजरासारखी दिसतेस. कोणी सांगितलंय हे?"

"कोणी नाही," लुदिवीन म्हणायची.

"मग बस जरा. आणि ते फरसबीचं गोठवलेलं पाकीट गुडघ्यावर ठेव. पण परत फ्रीजमध्ये टाकशील तर खबरदार, पोरांना खायचं असतं ते."

ऑगस्टमध्ये संघाचा फोटो निघाला तेव्हा सगळ्या हसत होत्या. प्रशिक्षक ब्रिस, जो एरवी शाळेत व्यायाम शिकवायचा, म्हणाला की आपण या श्रेणीत टिकणार. त्याचा आवाज असा होता की कोणालाही खरं वाटावं. सप्टेंबरात दोनदा चार-चार गोल गेले. मग एका मोठ्या शहराच्या क्लबनं इतके घातले की आकडा ऐकल्यावर आशिलसुद्धा "हं" म्हणायचं विसरला. जरा वेळानं म्हणाला, "आज सूपही गारच होतं." नोव्हेंबर उजाडेपर्यंत टिकण्याची भाषा ब्रिसच्या तोंडून गेली होती. त्यानं काही कबूल केलं नाही. फक्त तो शब्द वापरायचा बंद केला.

हरण्याचा थकवा एक असतो, आणि हरून परत येण्याचा दुसरा. दुसरा जास्त वाईट. दक्षिणेतल्या मैदानांवरून निघालेली बस सबंध देश उभा चिरत यायची. पोरी एकमेकींच्या खांद्यावर झोपायच्या, बसमध्ये ओल्या मोज्यांचा आणि संत्र्याच्या सालींचा वास कोंडायचा. लुदिवीन पाय लांब करता यावा म्हणून सगळ्यात मागं बसायची. डोळे मिटले की गेलेले गोल एकेक करून परत यायचे. हा डावीकडून. हा पायांतून. हा तर मी पाहिलाही नव्हता. मार्चमध्ये एकदा बसमधून उतरताना तिचा गुडघा वाकेचना. दोघींनी धरून तिला खाली घेतलं आणि तिथंच, क्लबच्या दारात, ती म्हणाली, "हे वर्ष शेवटचं."

हे तिनं सगळ्यांना सांगितलं. दुसरी गोष्ट मात्र कोणालाच सांगितली नाही. तिला एक कोरी मॅच हवी होती. एकही गोल न गेलेली. जिंकली नाही तरी चालेल, शून्य-शून्य चालेल, पण शनिवारी संध्याकाळी फोन वाजल्यावर "एकही नाही" असं एकदा, मैदान सोडायच्या आधी एकदाच, म्हणता आलं पाहिजे. अख्ख्या मोसमात तसा एकही शनिवार आला नव्हता. फेब्रुवारीत धुक्यात एकदा जवळ आला होता, पण शेवटी चेंडू आपल्याच बाईच्या टाचेला लागून आत गेला.

आणि हे सांगायची सोयच नव्हती. गोलकीपरांच्या जातीत शून्याचं नाव घेत नाहीत. मॅच चालू असताना तर नाहीच, आणि आधीही नाही. मध्यंतरात कोणी नवखी पोरगी "अजून एकही नाही गेला!" असं बोलली तर बाकीच्या तिच्यावर वसकन ओरडतात, आणि ब्रिससारखा शिकलेला माणूसही दृष्ट लागू नये म्हणून लाकडी बाकाला हात लावतो. आशिलच्या वीटभट्टीतही हेच होतं, लांब्रकूरमध्येही हेच. त्यामुळे लुदिवीनला काय हवंय हे तिच्या सगळ्यात जवळच्या माणसांनाही माहीत नव्हतं. त्यांनी आपापल्या परीनं तिच्यासाठी दुसरंच काही ठरवलं होतं.

एप्रिलमध्ये संघ खालच्या श्रेणीत गेला, गुणांच्या हिशेबानं, शेवटच्या सामन्याच्या बराच आधी. कोणी रडलं नाही. ब्रिस म्हणाला, "चला, आता मोकळेपणानं खेळू," आणि पोरींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा सरावाचे शंकू गोळा करायला निघून गेला.

शेवटची मॅच घरच्या मैदानावर होती. मे महिना, लख्ख ऊन, कुंपणाशी फ्रेंच फ्राइजच्या कढईचा धूर. सगळं गाव आलं होतं. हरलेल्या संघाला निरोप द्यायला लोक जास्त येतात. जोझियान चक्क टोपी घालून आली होती. समोरच्या संघाला वर जायचं नव्हतं आणि खालीही यायचं नव्हतं, त्यामुळे त्या सैल खेळत होत्या. पण सैल खेळल्या तरी त्या त्याच होत्या. पहिल्या अर्ध्यात लुदिवीननं दोन चेंडू बोटांच्या टोकांनी बाहेर काढले. एक पोटावर घेतला आणि तो धरून गवतात तशीच पडून राहिली, गरजेपेक्षा जरा जास्तच, कारण उठायचं जिवावर आलं होतं.

मध्यंतरात कोणी काही बोललं नाही. सगळ्यांनी संत्र्याच्या फोडी खाल्ल्या आणि जमिनीकडे पाहिलं. त्या गप्प बसण्यावरून लुदिवीनला कळलं की पाटी अजून कोरी आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

दुसऱ्या अर्ध्यात तिचा गुडघा दुखायचा थांबला. असं कधीकधी होतं. शरीर कंटाळून तक्रार करायचं सोडून देतं. चेंडू येत होते आणि ती तिथं असायची. तिला ओरडावंही लागत नव्हतं. ऊन स्टँडच्या मागं गेलं, मैदानावर सावली आली, आणि तिच्या मनात, नको म्हटलं तरी, फोनची घंटा वाजायला लागली. पप्पा, एकही नाही. ती स्वतःला दटावत होती, पण वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं.

तेवढ्यात शिट्टी झाली आणि खेळ थांबला. रेषेपाशी दुसऱ्या पंचानं खेळाडू बदलायचा फलक वर धरला होता. त्यावर बाहेर जाणारीचा नंबर लाल आकड्यांत होता. तिचा.

आधी तिला वाटलं, चूक झाली. मग तिनं बाकाकडे पाहिलं. ब्रिस उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळा बाक उभा. स्टँडमध्ये पोरींच्या आयांनी एक चादर उलगडली, तिच्यावर रंगवलेलं, "धन्यवाद लुदी". जोझियाननं टोपी काढून हवेत फिरवली. आता तिला उमगलं. जुन्या खेळाडूला शेवटच्या मॅचमध्ये संपायच्या थोडं आधी बाहेर घेतात, म्हणजे सगळ्या मैदानाला तिच्या एकटीसाठी उभं राहता येतं. तिनं स्वतः किती जणींसाठी अशा टाळ्या वाजवल्या होत्या. पण गोलकीपरला असं कोण बाहेर काढतं? प्रेमापोटी माणसं काय वाटेल ते करतात, आणि त्यांना धड शिव्याही देता येत नाहीत.

रेषेपाशी लीलू उभी होती, तिच्या जागी येणारी. हातमोजे चढवून, चेहरा चुन्यासारखा. पोरगी मोसमभर बाकावर बसली होती. तिचे आईवडील पार समुद्रापासून गाडी हाकत आले होते, ते तिथं पहिल्या रांगेत उभे होते.

मान हलवून नाही म्हणता आलं असतं. गोलकीपरला कोणी ओढून थोडीच नेणार होतं. एक क्षण लुदिवीन खांबाला हात लावून उभी राहिली आणि तिला खरंच नाही म्हणायचं होतं. मग ती चालायला लागली. समोरच्या संघातल्या मुलींनीही टाळ्या वाजवल्या. पंचबाईंनी हात मिळवला. सगळं मैदान तिचं नाव घेत होतं, आणि तिला इतका राग आला होता की डोळ्यांसमोरचं हिरवं गवत हलत होतं. लोकांना वाटलं, बाईला भरून आलं.

"भिऊ नको," तिनं लीलूला म्हटलं.

"मी मरणार आहे," लीलू म्हणाली आणि पळत आत गेली.

ब्रिसनं तिला मिठी मारली. "कसं वाटतंय कॅप्टन?"

"छान," लुदिवीन म्हणाली.

थोड्याच वेळात कोपऱ्यावरून चेंडू आला. लीलू पुढं झेपावली, तिचे हात रिकामे वर आले आणि मागं कोणाचं तरी डोकं लागून चेंडू जाळ्यात गेला. मैदान ओरडलंही नाही. "आई गं," असं जोझियान मोठ्यांदा म्हणाली, तेवढंच ऐकू आलं. शिट्टी वाजली, मोसम संपला.

कपडे बदलायच्या खोलीत लीलू भिंतीकडे तोंड करून रडत होती. लुदिवीन तिच्याशेजारी टेकली, कारण उभं राहवत नव्हतं.

"तुझी मॅच घालवली मी."

"गप गं. माझा पहिला गोल माझ्याच पायांतून गेला होता. आणि चेंडू टाकला होता आमच्याच मुलीनं."

लीलू रडता रडता हसली, नाक पुसलं. "तू चिडलीयस का माझ्यावर?"

"चिडलेय," लुदिवीन म्हणाली. "पण तुझ्यावर नाही. ऊठ, तुझी आई बाहेर ताटकळलीय."

फोन वाजला तेव्हा ती क्लबच्या मागच्या पायऱ्यांवर बसली होती. आत बिअर आणि भाषणं चालली होती. ऊन अजून होतं.

"किती गेले?" आशिलनं विचारलं.

"मी असेपर्यंत एकही नाही."

"म्हणजे?"

"मला बाहेर काढलं पप्पा. शेवटी शेवटी. टाळ्या वाजवायला. मग एक गेला."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो खाकरला.

"अग्निशमन केंद्राची भिंत आहे ना."

तिला ती भिंत माहीत होती. वृद्धाश्रमातून बाहेर नेलं की त्या रस्त्यानं जाताना तो नेहमी मान दुसरीकडे वळवायचा. तिला वाटायचं, ऊन लागतं डोळ्यांना.

"ती माझी शेवटची," आशिल म्हणाला. "वरचे थर राहिले होते. मालक आला, सगळे आले. हातातली थापी काढून घेतली आणि ग्लास दिला. आशिल, आज काम नाही, आज तुझा दिवस. वरचे थर दुसऱ्या कोणी लावले. वाकडे आहेत. अजून वाकडेच आहेत."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलणार? दारू चांगली होती. लोकही चांगले होते."

"हो ना," लुदिवीन म्हणाली. आत कोणीतरी भाषणात तिचं नाव घेतलं आणि टाळ्या झाल्या.

मग दोघं नेहमीसारखे फोन कानाला लावून गप्प बसले. पण आज तो फोन ठेवेना. त्याचा श्वास ऐकू येत होता.

"मग पुढच्या शनिवारी मी काय विचारू?" आशिल म्हणाला.

बुटांच्या नाड्या सोडून लुदिवीननं पाय मोकळे केले.

"जेवलीस का, असं विचारा," ती म्हणाली.

"बरं."

मग नव्या कामावर पहिली वीट ठेवावी तसं, जपून, त्यानं विचारलं, "जेवलीस का?"

सकाळपासून तिच्या पोटात एक संत्र्याची फोड सोडली तर काही नव्हतं. "नाही," ती म्हणाली, आणि मोसमभर आलं नव्हतं ते रडू तिला आता आलं.