निळ्या कंदिलाची भवानी

कंपनी बंद पडली तेव्हा मला पंचेचाळिसावं सरत होतं. वसई पूर्वेच्या एका छोट्या कारखान्यात मी हिशेबाचं काम बघायचे. मालकांनी एका दुपारी सगळ्यांना बोलावून हात जोडले, आणि माझी वीस वर्षं एका पिशवीत मावली. डबा, छत्री, खुर्चीवरची उशी. दुसऱ्या दिवसापासून विरारच्या फ्लॅटमध्ये मी एकटी. नवरा सकाळी मुंबईला जायचा तो दिवेलागणीनंतरच उगवायचा. स्वयंपाक आवरला की घर खायला उठायचं.

म्हणून फोनवर तो खेळ घेतला. खेळात एक गाव असतं. प्रत्येकाला जमिनीचा तुकडा मिळतो, त्यावर काही पिकवायचं नाहीतर बनवायचं, आणि गावच्या बाजारात दुसऱ्या खेळाडूंना विकायचं. नाणी खोटी, पण घेणारी माणसं खरी. मला एवढंच हवं होतं. जगात कुठेतरी एका माणसाला माझ्या हातची वस्तू हवी आहे, हे कळायला हवं होतं.

मी निळे कंदील बनवायला घेतले. काचेला निळा रंग यायला फार खटपट करावी लागते, त्यामुळे त्या वाटेला कोणी जात नसे. पाच नाण्यांना एक ठेवला. कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

माझं माहेर वसईजवळ, होळी गावात. तिथे वडिलांची वाडी आहे, केळी आणि पालेभाजी. बाबांनी जन्मभर वसईच्या बाजारात बसून भाजी विकली. त्या रविवारी मी गेले, तेव्हा त्यांच्यापुढे वैतागून बोलले, "इथेसुद्धा माझं काही विकत नाही."

"भवानीच झाली नाय?" त्यांनी विचारलं. दिवसाची पहिली विक्री झाली नाही तर विकणाऱ्याचा जीव कसा थाऱ्यावर राहत नाही, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. मग म्हणाले, "माझ्या फोनवर दिसंल का तुझं दुकान?"

मी त्यांच्या फोनवर खेळ घालून दिला, दुकान दाखवलं आणि विसरून गेले.

त्यानंतर दोनच दिवसांनी कंदील विकला गेला. मग रोज सकाळी एक, पुढे दोन, पुढे जेवढे ठेवीन तेवढे. घेणारा एकच होता. त्याला स्वतःचं नावही नव्हतं, खेळ नवख्यांना देतो तसला नुसता आकडा होता. मी मनात म्हटलं, कोणीतरी बडी असामी दिसते, नाव शोधायलाही वेळ नाही. पाचाचे आठ केले, त्यानं घेतले. आठाचे बारा, बाराचे वीस. तक्रार नाही, घासाघीस नाही. मी नवऱ्याला जेवताना ऐकवायला लागले की धंदा माझ्या रक्तातच आहे. तो मान डोलवून आमटी वाढून घ्यायचा.

बाजारात एक फळा असतो, त्यावर कालचे भाव दिसतात. निळा कंदील, वीस नाणी. हे वाचून सगळं गाव कंदिलांवर तुटून पडलं. ज्याच्या त्याच्या दुकानात निळा उजेड. इतरांचा भाव दहावर आला, मग सहावर. माझे मात्र वीसला जात होते, आणि मी मूर्ख समजत होते की माझ्या हाताला काही वेगळं आहे.

मग एके दिवशी बाबांच्या छातीत कळ आली. भावानं त्यांना वसईच्या हॉस्पिटलात नेलं. आत कोणाला सोडत नव्हते. मी बाहेरच्या बाकावर बसून होते आणि मन कुठेतरी गुंतवायला खेळ बघत होते. कंदील तसेच पडलेले. पंधरा केले. दहा केले. सहा केले. तो आकडेवाला गायब. भीती सगळी बाबांची होती, राग मात्र त्या गिऱ्हाइकावर निघाला. भावाच्या देखत मी म्हटलं, "मेला कुठे तडमडला आहे कोण जाणे."

बाबांना साध्या खोलीत आणलं तेव्हा आवाज अगदी खोल गेला होता. त्यांनी आधी फोन मागितला. "दे गो. तुझी भवानी राहिली असंल."

मला वाटलं, गुंगीत बोलतायत. तरी त्यांचा फोन उघडला. खेळातल्या त्यांच्या जमिनीवर एक झाड नव्हतं, एक वाफा नव्हता. इकडून तिकडे निळे कंदील, एकावर एक रचलेले, आणि प्रत्येकाच्या बुडाला माझ्या दुकानाचं चिन्ह. शेजारी मासे धरायचा गळ. खेळात बिनभांडवलाचं तेवढंच काम असतं. आयुष्यात कधी खाडीत गळ न टाकलेला हा वाडीवाला माणूस पहाटे उठून खोटे मासे धरत होता, ते विकून माझे कंदील घेत होता.

आधी मला राग आला, खरंच सांगते. माझी म्हणून जी एक गोष्ट उरली होती, तीही त्यांच्या मायेवर चालली होती.

"वीसला कशाला घेतलात?" मी म्हटलं. "बाजारात सहाला मिळत होते."

"भवानीला घासाघीस करायची नसते, बाय."

आता कोणाला बोलणार? त्यांनी घासाघीस केली नाही म्हणून माझा भाव चढला, माझा भाव बघून गाव कंदील करायला लागलं, आणि गावानं कंदील केले म्हणून भाव कोसळला. सगळा बाजार त्यांच्या चांगुलपणानं बुडाला होता. मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. जे मी बाकावर बसून बोलले होते, ते भावाला आठवत नसलं तर बरं, असं वाटत राहिलं.

घरी आल्यावर त्यांना वाडीत उतरायची बंदी झाली. पडवीत बसून भाऊ काय चुकतोय ते बघायचं, एवढंच काम. फोन केला की म्हणायचे, बरा आहे. खोटं बोलायचे. तेव्हा मी पुन्हा कंदील करायला लागले, रोज एकच. गावात भाव दोन नाण्यांवर आला होता. मी वीसच लावायचे. जगात एकच वेडा माणूस तो वीसला घेईल. सकाळी कंदील गेला की मला कळायचं, बाबा उठले, बसले, चहा झाला. मग माझा चहा व्हायचा.

गेल्या सोमवारी दहा वाजून गेले तरी कंदील तिथेच. फोन केला. बऱ्याच वेळानं उचलला.

"उठलोय," ते म्हणाले. एवढ्या बोलण्यालाही धाप लागत होती. "पैसे कमी पडतात. कंदीलवाले सगळे मासे धरायला आलेत गो. मासळीचा भाव पडला."

"थांबा, मी कमी करते," म्हणून मी घाईघाईत दोन नाणी लावली. ते चष्मा शोधेपर्यंत कंदील गेला. घेणारा कोणी भलताच, नाव असलेला, अनोळखी. माझं पहिलं खरं गिऱ्हाईक. ज्याची मी एवढे महिने वाट बघितली तो आला होता आणि मला धस्स झालं.

"झाली काय भवानी?" बाबांनी विचारलं.

झाली म्हटलं असतं तर ते फोन उशाशी ठेवून आडवे झाले असते. उद्याही, परवाही.

"नाही झाली," मी म्हटलं. "तुमच्यासाठी थांबलेय."

दुसरा कंदील दुकानात ठेवला, त्यांना परवडेल त्याच भावाला. दुकान मांडून बसले आणि कोणी गिऱ्हाईक येऊ नये म्हणून देवाला हात जोडले. पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि चष्मा अजून सापडत नव्हता.