दाताचा वाफसा

माझ्या पुढच्या दाताचा तुटलेला कोपरा दुसरीकडे दोनदा भरला आणि दोन्ही वेळा निघून हातात आला. तेव्हापासून मी शहागडहून अंबडच्या एका दातांच्या डॉक्टरांकडे जातो. ते कमी बोलतात, तेही सावकाश. दातावर निळं जेल लावलं की ओठांतल्या ओठांत पंधरापर्यंत मोजतात, मग पाण्यानं धुतात आणि हवेचा झोत इतका हलका सोडतात की खुर्चीत पडल्या पडल्या मला कपाशीच्या रानात वारा सुटल्यासारखं वाटतं. डोळे आपोआप मिटतात.

"पार कोरडा करायचा न्हाई," ते म्हणतात. "चिखलबी नको अन् ढेकूळबी नको. पेरणीच्या रानासारखा वाफसा पाहिजे, मंगच भरलेलं बराबर धरतं."

त्या दिवशी मी असाच पेंगत होतो आणि माझी जीभ त्या तयार केलेल्या दातावरून फिरली. डॉक्टर पाठमोरे होते. वळून त्यांनी विचारलं, "जीभ लागली का हो? थुका लागला तर समदं पहिल्यापासून करावं लागतंय."

शहागडच्या बसची वेळ झाली होती. मी मान हलवून नाही म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. तोंडातला ओला कापूस बदलला, निळ्या जेलची नळी पुन्हा उचलली आणि एकपासून मोजायला लागले.

बस गेली. दाताचा भरलेला कोपरा अजून जागेवर आहे. जीभ अधूनमधून त्याच्यावरून फिरते आणि दर वेळी थोडी ओशाळते.